शिकारी रक्ताचा कुत्रा दारात आला की

पेण तालुक्यातल्या रामवाडीहून आम्ही बोलतोय. आज कर्ज-बचतीचा विषय नाही. म्हणजे थोडा आहे, पण तो मागाहून येईल. आज बोलायचं आहे कुत्र्याबद्दल.

आमच्या एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एक ताई म्हणाल्या, "धाकट्या दिरांनी घाटावरून पिल्लू आणलं होतं. आता आठ महिन्यांचं झालंय. एवढ्यात शेजारच्या अकरा कोंबड्या मारल्या. घरातले म्हणतात, हायवेला नेऊन सोडून या. काय करू?" आधी सगळ्या हसल्या. पण ज्यांच्या कोंबड्या गेल्या त्याही त्याच गटात होत्या, आणि त्या कोंबड्या गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतलेल्या होत्या. हप्ता चालू, कोंबड्या नाहीत. मग हसू थांबलं. बोलता बोलता कळलं की आणखी चार जणींच्या दारात असाच कुत्रा आहे. म्हणून पशुसखीला बरोबर घेतलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, आणि जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

हा कुत्रा कोणता, ते आधी ओळखून घ्या. निमुळतं लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, काडीसारखे लांब पाय, अंगावर चरबी नाही. कोणी त्याला 'कारवान' म्हणतं, कोणी 'कारवानी', कोणी 'मुधोळ', आणि कोणी नुसतं 'शिकारी'. आपल्याकडे येतात ते बहुतेक संकर असतात. आई कारवानी, बाप गावठी, नाहीतर उलट. अंगाने थोडे जाड, शेपूट जरा वळलेली, कान कधी पडलेले तर कधी उभे. पण पळण्याची ओढ मात्र पूर्ण उतरलेली असते.

कारवान म्हणजे तांडा. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर हे कुत्रे दख्खनेत आले, असं सांगतात. मुधोळ हे गाव आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली म्हणून तिला मुधोळ नाव पडलं. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हिमालयन शीपडॉग, रामपूर, राजपाळयम यांच्याबरोबर मुधोळही होता. म्हणजे हा काही उकिरड्यावरचा कुत्रा नव्हे. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे माळरानावर ससा दिसला की तो गाठायचा, एवढ्याच कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला हा कुत्रा आहे.

खरी गोष्ट इथेच आहे. दुसरे पुष्कळ शिकारी कुत्रे नाकाने माग काढतात, जमीन हुंगत जातात. हा डोळ्यांनी शिकार करतो. लांबवर काही हललं की त्याची मान वर होते, अंग ताठ होतं, आणि आपण "ए" म्हणेपर्यंत तो निघालेला असतो. उभी असलेली कोंबडी त्याला फारशी दिसतच नाही म्हणा. पण तीच फडफडत पळाली की ती त्याच्या लेखी ससा होते. शेळीचं करडू उड्या मारायला लागलं, सायकलवरून पोर गेलं, मांजर वईवरून उडालं, सगळं त्याला सारखंच. त्यात राग नसतो, भूकही नसते. पोटभर भाकरी खाल्लेला कुत्रासुद्धा धावतो. "एवढं खायला घालते तरी कोंबडी मारतो" असं म्हणणाऱ्या ताईंना हे सांगावंसं वाटतं की याचा खाण्याशी संबंधच नाही.

आता आपण काय करतो? पहिली कोंबडी मेली की कुत्रा बांधतो. दोन हाताची साखळी, पडवीचा खांब, आणि दिवसभर तिथेच. आठ दिवस शांत वाटतो. मग तो साखळीला हिसके देतो, खांबाभोवती फिरून फिरून खड्डा पाडतो, चपला फाडतो, रात्रभर ओरडतो. पुढे पुढे जवळून जाणाऱ्यावर दात काढायला लागतो. साखळी तुटली किंवा कोणी सोडली की आठ दिवसांचं साठलेलं पळणं तो एका तासात करून घेतो, आणि त्या तासात जे समोर येईल त्याचं काही खरं नसतं. मग आपण साखळी आणखी आखूड करतो. बांधल्याने कुत्रा बिघडतो आणि बिघडला म्हणून बांधतो, असं ते चालतं. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीने बराच वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हा, आणि उपासमार होईल असा सोडून देणं हाही. म्हणजे हायवेचा रस्ता कायद्यानेही बंद आहे. माणुसकीने तर आहेच. तिथे ट्रकखाली जातो किंवा दुसऱ्या वाडीत शिरून तिथल्या कोंबड्या मारतो.

उपाय साधा आहे, पण वेळ मागतो. या कुत्र्याला रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास खरंखुरं पळायला मिळालं पाहिजे. दोरी धरून हळू चालणं त्याला पुरत नाही. हे कुत्रे दिवसभर धावत नसतात. दहा-पंधरा मिनिटं जीव तोडून पळतात आणि मग तासन्‌तास अंगाचं मुटकुळं करून झोपतात. ज्यांच्याकडे हे नीट जमलंय त्या सांगतात की सकाळी पळून आलेला कुत्रा दुपारी शोधावा लागतो, कुठे कोपऱ्यात झोपलाय म्हणून.

पळवायचं कुठे? भात कापल्यावर मोकळी खाचरं असतात. चारी बाजूंनी बांध आहेत, जवळ गुरंढोरं नाहीत, असं खाचर बघा. सुरुवातीला वीस-पंचवीस हात लांब दोरी पट्ट्याला बांधून सोडा आणि टोक आपल्या पायाखाली ठेवा. हाताला गुंडाळू नका, हिसक्याने मनगट मोडेल. कुत्र्याला एक हाक शिकवा, एकच शब्द, घरात सगळ्यांनी तोच वापरायचा. हाक मारली, तो आला, की बोंबलाचा बारीक तुकडा. आला की मारायचं नाही, कितीही उशिरा आला तरी. उशिरा आलेल्याला मार मिळाला तर पुढच्या वेळी तो येणारच नाही. पावसाळ्यात खाचरात पाणी असतं, तेव्हा अंगणात भाकरीचे तुकडे लपवून शोधायला लावा. जुन्या साडीची चिंधी दोरीला बांधून काठीने फिरवली की तो तिच्यामागे धावतो. त्याला हेच हवं असतं, आणि यात कोंबडी मरत नाही.

ऐकताना तुमच्या मनात जे आलं तेच आमच्या बैठकीतही आलं. हे करायचं कोणी? कुत्रा आणणार दीर नाहीतर मुलगा, चार दिवस मोटरसायकलवर पुढे बसवून मिरवणार, मग भाकरी घालणं, घाण काढणं, शेजाऱ्यांचं बोलणं ऐकणं आपल्याकडे. आमचं म्हणणं स्पष्ट आहे. पिल्लू घरात येण्याआधी घरातल्या सगळ्यांसमोर विचारा, सकाळी साडेपाचला याला खाचरावर कोण नेणार? नाव सांगा. नाव येत नसेल तर पिल्लू नको. गावठी कुत्रा चांगली राखण करतो आणि त्याला एवढी धाव लागत नाही.

कोंबड्या-शेळ्यांचं काय? पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असताना आणलं असेल तर त्याला रोज दोरीला धरून कोंबड्यांच्या जवळ बसवा. कोंबड्या फिरताहेत आणि तो बघून न बघितल्यासारखा बसलाय, की तुकडा द्या. अंग ताठ झालं, नजर खिळली, की लगेच तोंड फिरवून दूर न्या. धावायला लागल्यावर हाक मारण्यात अर्थ नाही, नजर खिळते तीच वेळ पकडायची. मोठा झालेला, एकदा कोंबडी मारलेला कुत्रा मात्र कोंबड्यांत मोकळा सोडण्याएवढा भरवशाचा पुन्हा होईल, असं धरून चालू नका. त्याच्यासाठी कुंपणच हवं. आपली काटेरी वई तो सहज ओलांडतो. कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी आणि वरून झाकण, हाच खात्रीचा मार्ग. मेलेली कोंबडी गळ्यात बांधा म्हणून काही जण सांगतात. त्याने कुत्र्याला काही कळत नाही, जखमा आणि माश्या तेवढ्या होतात.

आपल्या पेणकडच्या बायकांसाठी आणखी एक. आपल्याकडे गणपतीचे कारखाने आहेत, पेणमध्ये, हमरापूरला, जोह्याला, आणि पुष्कळ जणी तिथे कामाला जातात. कच्च्या मूर्ती रांगेने वाळत असतात. असा कुत्रा मांजरामागे त्या मांडवात शिरला तर काय होईल, ते आम्ही सांगायला नको. कामावर जाताना तो मागे येत नाही ना, हे बघून निघा.

खाण्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, पण तीन गोष्टी चुकतात. पहिली, हा कुत्रा बारीकच असतो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर तो उपाशी आहे असं नाही. सगळ्या बरगड्या, कण्याचे मणके आणि कमरेची हाडं वर आली तर मात्र कमी पडतंय किंवा पोटात जंत आहेत. दुसरी, नुसता भात किंवा नुसती भाकरी त्याला पुरत नाही. अंडं, उकडलेली मासळी, कोंबडीचे उरलेले मऊ भाग, डाळ असं काहीतरी रोज हवं. खारवलेली सुकी मासळी द्यायची तर धुऊन, भिजवून आणि थोडीच. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, कांद्याने कुत्र्याचं रक्त बिघडतं. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या काड्या होऊन आतड्यात घुसतात. तिसरी, जेवण झाल्याबरोबर पळवू नका आणि पळून आल्याबरोबर भरपेट घालू नका. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो आणि काही तासांत तो जातो. मध्ये तासभर जाऊ द्या. पाणी थोडं थोडं. उन्हाळ्यात आठनंतर पळवणं बंद. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापेनेच अंग थंड करतो. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर सावलीत घ्या, अंगावर, पोटावर, पायांवर पाणी ओता आणि डॉक्टरांना कळवा.

आपला पाऊस या कुत्र्याला मानवत नाही. मूळचा तो कोरड्या माळावरचा. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे भिजला की कुडकुडतो. पडवीत कोरडं गोणपाट आणि जमिनीपासून वीतभर उंच फळी एवढं केलं तरी चालतं. त्याची कातडी पातळ असते, करवंदीच्या जाळीत शिरला की कागदासारखी फाटते. छोटी चीर मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, मोठी असेल तर टाके लागतात. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो. तो कुत्र्याला होतो, माणसालाही होतो. लावणीला चिखलात उतरणाऱ्या आपल्याला तो नवा नाही. कुत्र्यांच्या एकत्र लसीत लेप्टोची लस असते का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. गोचीड रोज हाताने बघा, कानात, बोटांच्या बेचक्यात, बगलेत. गोचिडीमुळे ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लाल होते. कुत्र्याच्या अंगाचा ताप आपल्यापेक्षा जास्तच असतो, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. म्हणून हात लावून "अंग गरम लागतंय" एवढ्यावर आपल्या घरातली तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल आणि अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या लागू शकतात. साप चावला तर चिरायचं नाही, बांधायचं नाही, चालवायचं नाही, उचलून दवाखान्यात न्यायचं. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो फोनमध्ये साठवून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, म्हणजे पिसाळण्याची लस. मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी एक. त्याआधी, दीड-दोन महिन्यांपासून पार्वो आणि डिस्टेंपरची एकत्र लस सुरू करायची असते. ती चुकलेली पिल्लं रक्ताचे जुलाब होऊन जातात. लस टोचली की तारखेचं कार्ड घ्या आणि गटाच्या वहीसारखं जपून ठेवा.

आणि तरीही कुत्रा चावला, आपला किंवा परका, लस दिलेला असो वा नसो, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचं नाही. मग सरकारी दवाखाना, त्याच दिवशी. पोटात चौदा इंजेक्शनं हा काळ केव्हाच संपला. आता दंडात दिली तर ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी, कातडीत दिली तर ०, ३, ७, २८ व्या दिवशी देतात. जखम रक्ताळलेली असेल तर जखमेत वेगळं औषधही टोचावं लागतं, ते मागून घ्या. पाळीव कुत्रा चावला असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण तोवर आपली इंजेक्शनं थांबवायची नाहीत. एकदा रोगाची लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, म्हणून यात "बघू उद्या" नाही. लहान मुलांना एक सांगून ठेवा. असा कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी, नजर जमिनीकडे. पळणाऱ्याच्या मागे तो लागणारच.

आता पुरुष मंडळींनीही ऐकावं असं थोडं. हा कुत्रा दारात आला की पोरांना रात्री बॅटरी घेऊन रानात जावंसं वाटतं. ससा, भेकर, घोरपड, रानडुक्कर. आपल्या भागातल्या आदिवासी वाड्यांवर पूर्वी कुत्रे घेऊन शिकारीला जाणं हा पोटाचा भाग होता, त्याची थट्टा आम्हाला करायची नाही. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि कुत्रे सोडून जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकून बाहेर काढणं हेही कायद्याने शिकारच. काही हाती लागलं नाही तरी गुन्हा होतो, वकिलाचा खर्च होतो, आणि तो खर्च शेवटी घरातल्या बाईच्या बचतीतून जातो. दुसरं म्हणजे रानडुक्कर. त्याच्या सुळ्यापुढे हा पातळ कातडीचा कुत्रा टिकत नाही. वालाच्या शेतात डुक्कर शिरलं तर कुत्र्याने ओरडून आपल्याला उठवावं, एवढंच काम त्याला द्यायचं. त्याला एकट्याला अंगावर सोडायचं नाही.

कुत्रा सांभाळण्यात हयगय केली आणि त्यामुळे माणसाच्या जिवाला धोका झाला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. अकरा कोंबड्यांचं प्रकरण आमच्या गटाने पोलिसांपर्यंत नेलं नाही. कुत्रेवाल्या ताईंनी सहा महिन्यांत कोंबड्यांचे पैसे भरून द्यायचे, तोवर दुसऱ्या ताईंच्या हप्त्याला दंड लावायचा नाही, आणि कुत्र्याला पळवायची जबाबदारी ज्याने आणला त्या दिराची, असं ठरलं. दिरांना बैठकीत बोलावून त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. वहीत तसं लिहिलंय, खाली त्यांची सही आहे.

सुरुवातीला म्हटलं होतं ना, थोडा बचतीचा विषय आहे. त्याच बैठकीत एका तरुण मुलीने विचारलं, ही पिल्लं चांगल्या किमतीला जातात, मादी घेऊन पिल्लं विकायचा धंदा केला तर गट कर्ज देईल का? आम्ही नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं. २०१७ पासून कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांना नियम आहेत. पैदास करणाऱ्याला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी साधारण नऊ आठवडे गाभण राहते, मग दोन महिने पिल्लं सांभाळायची, लसी, जंताचं औषध, वाढीव खुराक. पाच-सात पिल्लं झाली आणि दोनच गेली तर उरलेली कोणाच्या अंगणात जाणार? नोंदणी नसलेल्या संकराला भाव किती, हेही गिऱ्हाईकच ठरवतं. तिला आम्ही शेळ्यांचा हिशोब मांडून दाखवला. ज्यांच्याकडे आधीच मादी आहे त्यांनी नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. या अंगात चरबी कमी असल्याने भूल देताना जास्त काळजी घ्यावी लागते, म्हणून "ही कारवानीची आहे" हे डॉक्टरांना आधीच सांगा.

लसीकरणासाठी ज्यांना एकत्र यायचं असेल त्यांनी आपल्या ग्रामसंघाच्या पशुसखीकडे कुत्र्याचं वय आणि मागच्या लसीची तारीख लिहून द्यावी. दहा-बारा कुत्री एका जागी जमली तर डॉक्टरांना वाडीवर बोलावणं सोपं जातं. येताना कुत्रा दोरीला असू द्या, आणि कोंबड्या त्या दिवशी खुराड्यातच ठेवा.